पैठणला परसात गॅरेज आणि वर एक खोली बांधायची, पण पुराची भीती. काय पाहावं?

आधी नगरपरिषदेत जाऊन तुमची जागा निळ्या पूररेषेच्या आत येते की निळ्या-लाल रेषांच्या मध्ये, ते नकाशावर बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्याच्या आत नवीन बांधकाम विसराच. मधल्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, पण जोत्याच्या उंचीची अट असते. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडल्यावर गावात कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. भिंतीवरची खूण दाखवतील. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत असाल तर विषय तिथंच संपला.

खरा घोळ पायाचा. जुन्या गावात खाली काळी माती नाही, पांढर आहे: शेकडो वर्षांचा भराव, खापरं, राख. आमच्याकडे कॉलमचा खड्डा घेताना जुनं पेवच (धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा) लागलं, मिस्त्री कमरेपर्यंत आत! त्यामुळं आधी पहारीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला की थांबा. मुरूम लागेपर्यंत खाली जायचंच.

खाली फक्त गाडी, राहायचं वर. गॅरेजच्या समोरासमोरच्या भिंतींना फरशीलगत जाळीची भोकं ठेवा, म्हणजे पाणी आत-बाहेर होईल आणि भिंतीवर एका बाजूनं दाब येणार नाही. शटर मात्र नको, गाळानं अडकतं. बोर्ड आणि मीटर वरच्या मजल्यावर. आणि जिना बाहेरून.