सापडलेल्या पाकिटात पैसे जास्त असले की लोक ते परत करत नाहीत का?

नाही, उलट जास्त करतात. २०१९ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात अलेन कोन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. ४० देश, १७ हजारांहून जास्त पाकिटं. बँक, टपाल कार्यालय, हॉटेल अशा ठिकाणी संशोधकांचा माणूस काउंटरवर पाकीट द्यायचा, रस्त्यात सापडलं म्हणायचा आणि घाईत निघून जायचा. पाकीट पारदर्शक. आत किल्ली, किराण्याची यादी आणि मालकाचा ईमेल असलेली कार्डं. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे ४० टक्के कर्मचाऱ्यांनी मालकाला कळवलं, पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम सातपट केली तेव्हा तर ७२ टक्के!

मला सगळ्यात बोलकी वाटते ती किल्ली. मालकाचं तिच्यावाचून अडणार, दुसऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. ती काढून ठेवली तर कळवणारे घटले. म्हणजे अनोळखी माणसाची अडचणही मनाला लागते. शिवाय रक्कम मोठी असली की गप्प बसणं स्वतःलाच चोरी वाटू लागतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. अर्थतज्ज्ञांनाही हा अंदाज आला नव्हता. मात्र हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांचं वागणं आहे. सामसूम रस्त्यावर एकट्याला पाकीट सापडलं तर काय, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.