वाडीत ऊन आलं

प्रिय मित्रा,

श्रीवर्धनला फोटो काढायला निघालायस हे वाचलं. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन इतकी वर्षं झाली, आता तिथे काय मिळणार, असं विचारतोस. अरे, मिळेल ते आताच.

३ जून २०२० ला वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आठवड्याने मी पोचलो आणि आडवे माड, उडालेले पत्रे असं दिसेल ते टिपत सुटलो. आज बघतो तर त्यातले निम्मे फोटो कुठल्याही किनाऱ्यावरचे वाटतात.

तिथलं खरं नुकसान वेगळंच होतं. पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी म्हटलं की गच्च सावली. भर दुपारीसुद्धा कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता (आयएसओ) वाढवल्याशिवाय भागायचं नाही. त्या वाडीत लख्ख ऊन पडलं होतं. पडवीतल्या एक काकू डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, “एवढा उजेड या घराने कधी पाहिला नव्हता हो.” मी मात्र ऊन फार कडक आहे म्हणून कॅमेरा बंद केला. फोटो तोच होता, कळलं उशिरा.

सुपारीच्या रोपाला आधी केळीची सावली द्यावी लागते आणि झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या पावसाळ्यात लावलेली रोपं आता कुठे धरू लागली असतील. रोपाशेजारी घरच्या माणसाला उभं कर, किती काळ गेला ते आपोआप दिसेल. जीवना कोळीवाड्यातही जा, पण भल्या पहाटे. दुपारी सगळे झोपलेले असतात.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. गळ्यात कॅमेरा बघून एका आजोबांना मी पंचनाम्याचा माणूस वाटलो. काठी टेकत त्यांनी मला सगळी वाडी फिरवली, पडलेलं एकेक झाड मोजून दाखवलं. निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं होतं. फोटो चांगले मिळत होते, म्हणून गप्प राहिलो. शेवटी त्यांनी विचारलं, “मग पैसे कधी जमा होतील?” तू फाटकातच सांग: मी सरकारी माणूस नाही, माझ्या फोटोने भरपाई मिळणार नाही. मग आत बोलावलं तर जा.

निघण्याआधी घरी येऊन जा. एक पाकीट देतो. त्यात आजोबांच्या वाडीचे प्रिंट आहेत, द्यायचे राहिलेत. ते नसतील तर घरात जे कुणी असेल त्यांच्या हातात दे.

तुझा,
काका