बॉल पायथन नवीन आणलाय, हात घातला की फुसफुसतोय? आधी त्याला एकटं सोड

भावा, तू लिहिलंयस की साताऱ्याला बॉल पायथनचं, म्हणजे छोट्या बिनविषारी अजगराचं, पिल्लू आणून चार दिवस झाले, दिवसभर हाइडमधनं, म्हणजे पेटीतल्या लपायच्या जागेतनं, हलत नाही, हात घातला की मान आखडून फुसफुसतंय, काल उंदीर पण घेतला नाही, मग रोज थोडं थोडं हातात घेऊन सवय लावू का. नको. उलट हात घालणंच बंद कर, आठ-दहा दिवस तरी. पाणी बदल, घाण दिसली तर काढ, बास.

मी नेमकं उलटं केलेलं. दिवाळीत सांगलीला घरी आणला, चुलत भावंडं सगळी जमलेली, याच्या हातातनं त्याच्या हातात. तो गोळा होऊन डोकं मधी खुपसून बसला आणि सगळे म्हणतायत, किती शांत आहे बघ! शांत कसला, जाम घाबरलेला, त्या गोळा होण्यावरनंच तर बॉल नाव पडलंय. पुढं सात आठवडे काय खाल्लं नाही त्यानं. त्याच्यापेक्षा माझंच वजन जास्त उतरलं असंल.

आता आधी पेटी बघ. एक बाजू गरम, ३१ ते ३३ डिग्री, दुसरी २६ च्या आसपास, आणि लपायला जागा दोन्हीकडं पाहिजे, नाहीतर त्याला ऊब सोडावी लागते किंवा लपणं सोडावं लागतं. जागा घट्ट हवी, अंगाला कडा लागल्या की त्याला बरं वाटतं. माझ्याकडं अर्धी फुटकी कुंडी आहे, कडा घासून उपडी टाकलीय, महागड्या हाइडपेक्षा तीच आवडते. हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान हद्दीत ठेवणारं बटण) लावू नकोस, माझ्या सापाचं पोट त्यानंच भाजलेलं. मे महिन्यात तर आमच्या खोलीतच ३८ होतं, तेव्हा मॅट बंद आणि पेटी खालच्या मजल्यावर. गणपतीत डीजे वाजतो त्या बाजूच्या भिंतीलगत पेटी ठेवू नकोस, हादरे त्याला अंगभर कळतात.

खायला आठवडा झाल्यावर रात्री दे. उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, फ्रीजरमधला असंल तर फ्रीजमध्ये वितळव, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव, मायक्रोवेव्ह नको. त्याच्या ओठांवर खड्डे असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते, गार उंदीर त्याला बऱ्याचदा खाणं वाटतच नाही. चिमट्यानं दाखव, घेतला नाही तर हाइडच्या तोंडाशी ठेवून निघून जा, सकाळी तसाच पडला असला तर टाकून दे. परत लगेच दुसऱ्या दिवशी देत बसू नकोस, आठवड्यानं बघ. किचनच्या काट्यावर वजन लिहून ठेव, घसरतच चाललं तर सापांचं कळणारा डॉक्टर गाठ.

दोन-तीनदा नीट खाल्लं की मग हात. खाल्ल्यावर ४८ तास नाही, उलटी करतो. डोळे दुधाळ निळसर झाले की कात टाकायचं चाललंय, तेव्हापण नाही. हात साबणानं धू, उंदराचा वास नको. वरनं धरू नकोस, घार वरनंच येते, बाजूनं जा, आधी गुंडाळलेल्या कागदानं अंगाला हळू टेकव, म्हणजे जेवण नाही हे कळतं, मग मधल्या भागाखाली हात सरकव. आवळू नकोस, त्यालाच बोटांतनं फिरू दे, तू जमिनीवर बस. पाच मिनिटं पुरे. जीभ सावकाश आत-बाहेर करत पुढं सरकला तर ठीक चाललंय, मान मागं ओढून ताठ झाला तर हात हलवू नकोस, जरा सैल पडला की ठेवून दे. चावलाच तर विष नाही, पण हिसका मारू नकोस, दात मागं वळलेले असतात, तुझी कातडी फाटंल आणि त्याचे दात तुटतील.

जीव लावतो वगैरे अपेक्षा ठेवू नकोस राव, तो फक्त तुला धोक्यात मोजायचं सोडतो. माझा रात्री अकराला कुंडीच्या कडेवर हनुवटी टेकवून बघत बसतो, मनगटावरनं जाताना आता थांबतो, हेच मला लई वाटतं.

आज्जीनं दुधाची वाटी ठेवली असंल तर उचल, आमच्या शिराळ्याकडचे पाहुणेपण दूध ठेवायलाच सांगतात, पण सापाला पाणीच लागतं. आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी कर, बॉल पायथनला २०२४ च्या नियमांनी ती लागते. आपल्याकडचा धामण-नाग पाळायचं मनातपण आणू नकोस, तो गुन्हा आहे, घरात निघाला तर वनविभागाचा १९२६ लाव.

पेटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान आणि पिल्लाचं वजन तेवढं सांग, मग उंदराची साइज बघू.