न्यूरोसायन्सची सीड ग्रँट: अर्धे-अर्धे वाटून घेणार असाल तर अर्जच करू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही अमेरिकेत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला असिस्टंट प्रोफेसर, दुसरं वर्ष, सिग्नल प्रोसेसिंग उत्तम येतं पण मेंदूचा स्वतःचा डेटा नाही. मेडिकल स्कूलमधल्या एपिलेप्सीच्या एक डॉक्टरबाई बरोबर काम करायला तयार आहेत. युनिव्हर्सिटीच्या न्यूरोसायन्स इन्स्टिट्यूटने सीड ग्रँट (नवं काम सुरू करायला दिलेला छोटा निधी) काढलीये, ७५,००० डॉलर, दोन वर्षं, दोन वेगळ्या डिपार्टमेंटचे पीआय (प्रोजेक्टचे मुख्य संशोधक) पाहिजेत. आणि तुमचे सीनियर म्हणतायत एवढ्याशा पैशासाठी कशाला वेळ घालवता, थेट एनआयएचला (आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी अमेरिकन सरकारी संस्था) आर०१ (त्यांची नेहमीची मोठी ग्रँट) लिहा. मी इकडे अशा ग्रँटच्या कमिटीवर बरीच वर्षं बसतेय, त्यामुळे स्पष्टच सांगते, अर्ज जरूर करा, पण कशासाठी ते आधी दोघांनी नीट ठरवा.

सीनियरांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, आर०१ मिळाली तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मॉड्युलर बजेट (खर्चाचा बारीक तपशील न देता) मागता येतं, त्यापुढे ७५ हजार म्हणजे काहीच नाही. पण प्रिलिमिनरी डेटाशिवाय (आधी थोडं काम करून मिळवलेल्या डेटाशिवाय) आर०१ कोण देणार? आर२१ला (एनआयएचचीच छोटी ग्रँट) नियमाप्रमाणे तो लागत नाही (दोन वर्षांचे मिळून २,७५,००० डॉलर डायरेक्ट कॉस्ट, म्हणजे थेट संशोधनाचा खर्च), तरी रिव्ह्यूअरच्या मनात तो प्रश्न असतोच, आणि दोन लॅब मिळून लिहिलं असेल तर आणखी एक प्रश्न असतो, की या दोघांनी याआधी एकत्र काही केलंय का, की फक्त प्रपोजलपुरती ओळख झालीये. एक जॉइंट पेपर नाहीतर निदान एक पोस्टर असलं तरी हा प्रश्न बराचसा मिटतो. त्यात बाहेरचा पैसा आटतोय. ओबामांनी २०१३ मध्ये जाहीर केलेल्या ब्रेन इनिशिएटिव्हचं (मेंदूच्या संशोधनाची सरकारी योजना) बजेट २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होतं, २०२४ मध्ये ते ४०.२ कोटींवर आलं. स्पर्धा वाढली की रिव्ह्यूअर अजून सावध होतात, म्हणून घरचा हा छोटा पैसा आता जास्त कामाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. कमिटीत आमच्यासमोर येणारे निम्मे अर्ज म्हणजे दोन वेगळे प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये चिकटवलेले असतात, एम वन (पहिलं उद्दिष्ट) एका लॅबचं, एम टू (दुसरं उद्दिष्ट) दुसऱ्या लॅबचं, बजेट बरोब्बर मधोमध कापलेलं. मी अर्ज वाचताना एका पीआयचं नाव हाताने झाकते आणि बघते की प्रोजेक्ट तरीही उभा राहतो का. राहत असेल तर माझ्याकडून मार्क कमी. ऑप्टोजेनेटिक्सचंच, म्हणजे उजेडाने मेंदूच्या पेशी (न्यूरॉन) चालवायच्या तंत्राचंच बघा. क्लॅमिडोमोनास नावाच्या हिरव्या शेवाळातलं चॅनलरोडॉप्सिन-२ हे प्रथिन प्रकाश पडला की उघडतं हे २००३ मध्ये नागेल, हेगेमान, बामबर्ग या जर्मन मंडळींनी दाखवलं. तेच प्रथिन न्यूरॉनमध्ये घालून उजेडाने न्यूरॉन फायर करून दाखवला तो २००५ मध्ये स्टॅनफर्डला, बॉयडन, झँग आणि डायसेरॉथ यांनी, आणि त्या पेपरवर नागेल आणि बामबर्ग यांचीही नावं आहेत. यातला डायसेरॉथ सायकायट्रिस्ट, बॉयडन फिजिक्स-इंजिनियरिंग शिकून आलेला. कुणालाही वगळून दाखवा बरं! तुमचा प्रश्न इतका मोठा नसेल, चालतंय, पण त्याच जातीचा पाहिजे, म्हणजे तुमच्याशिवाय बाईंना उत्तर मिळणार नाही आणि बाईंशिवाय तुम्हाला.

म्हणून पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. ७५ हजारांचे दोन भाग केले की प्रत्येकाला दोन वर्षांत साडेसदतीस हजार. एनआयएचच्या स्केलप्रमाणे नव्या पोस्टडॉकचा वर्षाचा स्टायपेंड २०२४ मध्येच ६१,००८ डॉलर होता, वर बेनिफिट्स वेगळे, म्हणजे अर्ध्या पैशात कुणालाच माणूस ठेवता येत नाही, मग होतं काय तर एक लॅब सर्व्हर घेते, दुसरी कॉन्फरन्सला जाते आणि दोन वर्षांनी रिपोर्टमध्ये लिहायला काही नसतं. सगळा पैसा एका माणसावर लावा. एक पीएचडी स्टुडंट किंवा वर्षभराचा पोस्टडॉक, जो आठवड्यातले काही दिवस तुमच्या लॅबमध्ये आणि बाकीचे हॉस्पिटलमध्ये बसेल. स्टुडंट असेल तर ट्यूशन यातून कापतात का ते आधी विचारा. घरच्या ग्रँटमधून सहसा ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्चाचा वाटा) कापत नाहीत आणि प्रोफेसरचा पगारही देत नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळं त्या माणसावर खर्च करता येतं.

तो हॉस्पिटलमध्येच का बसायला हवा, तर तुमचा सगळा प्रोजेक्ट तिथे ठरणार आहे. स्टीरिओ ईईजीचा पेशंट मेंदूच्या आत इलेक्ट्रोड घालून साधारण आठवडा-दोन आठवडे मॉनिटरिंग युनिटमध्ये असतो, इलेक्ट्रोड कुठे जाणार हे त्याच्या फिट्स कुठून येतात या संशयावर ठरतं, तुमच्या हायपोथिसिसवर नाही, आणि तसंच असायला पाहिजे. तुम्ही लिहिलंय की फास्ट रिपल्स बघायचेत, म्हणजे मेंदूतल्या २५० ते ५०० हर्ट्झच्या वेगवान लहरी. आता रोजचं क्लिनिकल रेकॉर्डिंग ५१२ हर्ट्झच्या सॅम्पलिंगवर चालत असेल तर २५६च्या वरचं त्यात काही नाहीच, नायक्विस्ट (सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचीच फ्रिक्वेन्सी पकडता येते हा नियम) तुम्हाला मी काय सांगणार. तेच मशीन २०४८वर लावता येतं का हे त्या युनिटच्या ईईजी टेक्निशियनला माहीत असतं, डॉक्टरांना असेलच असं नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी पेशंट घरी गेला की रेकॉर्डिंग छाटतात, फिट्सचे आणि नमुन्याचे तुकडे ठेवतात आणि बाकीचे तास पुसून टाकतात, म्हणजे ‘जुना डेटा भरपूर आहे’ असं कुणी म्हटलं तरी तुम्हाला हवा तो असेलच असं नाही. पेशंटला काही टास्क देणार असाल तर स्क्रीनच्या कोपऱ्यात फोटोडायोड (उजेड ओळखणारा सेन्सर) लावून त्याचा सिग्नल ॲम्प्लिफायरच्या रिकाम्या चॅनलमध्ये घ्यावा लागतो, नाहीतर लॅपटॉपचं घड्याळ आणि ईईजीचं घड्याळ पुढेमागे होतं आणि सगळी मेहनत वाया. हे असले दोन परिच्छेद अर्जात आले ना, की कमिटीतल्या क्लिनिकल लोकांना लगेच कळतं की हा माणूस खरंच त्या खोलीत जाऊन आलाय. त्यामुळे या आठवड्यात बाईंना सांगून त्या टेक्निशियनबरोबर एक दुपार काढाच.

आयआरबीचा (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) अर्ज पैसे यायची वाट न बघता टाका. खूप ठिकाणी हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी कायद्याने वेगळ्या संस्था असतात, मग डेटा यूज ॲग्रीमेंट (डेटा वापरायचा करार) लागतं आणि ते दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलावर महिनोन् महिने पडून राहतं. मंजुरीशिवाय पैसे सुटत नाहीत आणि घड्याळ मात्र कधीकधी सुरू झालेलं असतं. पेशंटचं नाव काढलं म्हणजे झालं असंही नाही, एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून तो भाग काढूनच फाइल बाहेर आणतात.

पेपरवर पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं हे आत्ताच बोलून एका ईमेलमध्ये लिहून ठेवा. अवघड वाटतं, पण तुमच्या टेन्युअरसाठी (कायम नोकरीसाठी) ते फार महत्त्वाचं आहे आणि बाईंना बहुतेक पहिल्या नावाची तेवढी गरज नसेल, विचारलं तर कळेल.

अजून एक, एनआयएचकडे तुमचा अर्ली स्टेज दर्जा (नव्या संशोधकाला निवडीत फायदा देणारा, शेवटच्या डिग्रीपासून दहा वर्षं) सीड ग्रँटने जात नाही, आर२१नेही जात नाही, पण मल्टी-पीआय (अनेक पीआयपैकी एक) म्हणून आर०१ मिळाली की जातो. तेव्हा बाईंच्या आर०१वर पीआय म्हणून नाव घालायची घाई करू नका, तुमची स्वतःची आधी जाऊ दे. नव्या आर०१च्या नेहमीच्या तारखा ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबर. सीडचे पैसे ज्या महिन्यात येतील तिथून साधारण सव्वा वर्षाने यातली जी तारीख पडते ती धरा आणि पहिल्या तीन-चार पेशंटचा डेटा तोपर्यंत हातात येतो का, हे बाईंबरोबर बसून कॅलेंडरवर मांडा. वर्षाला असे किती पेशंट त्यांच्याकडे येतात, हा त्यांना विचारायचा पहिला प्रश्न.