ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींवर चालणाऱ्या) बाइकचा हेडलाइट मंद आणि पिवळा पडतो. एलईडी बल्ब टाकू, जास्त वॅटचा टाकू, की वायरिंग बदलू?

वायरिंग. झालं उत्तर. पुढचं सगळं माझ्या थोरल्या भावासाठी आहे, तुम्ही वाचलंत तरी हरकत नाही.

तुम्ही लिहिलंय की बल्ब दोनदा बदलला, बॅटरी नवी आहे, तरी उजेड पिवळाच. हॅलोजन (तापणाऱ्या तारेचा बल्ब) पिवळा पडतो तो बहुतेक वेळा उपाशी असतो म्हणून. बॅटरीपाशी व्होल्ट भरपूर असतात, बल्बपर्यंत ते पोचत नाहीत. वाटेत इग्निशन स्विच, हँडलवरचा अप्पर-डिप्परचा स्विच, चार-पाच कप्लर आणि शेवयांसारख्या बारीक वायरी. जो तो आपापला हप्ता कापून घेतो.

माझ्या बाइकलाही तुमच्यासारखाच एच-४ (एकाच काचेत अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारांचा बल्ब), ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्पर ६०, डिप्पर ५५. मी कुरकुर केली तर दादा म्हणाला, "बल्बात दम नाही. शंभर-नव्वदचा टाक." दादाला विजेतलं कळतं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, कारण शाळेत असताना त्याने रेडिओ उघडून परत जोडला होता. (दोन स्क्रू उरले होते, ते कोणी मोजत नाही.) मी टाकला. पहिल्या रात्री उजेड वाढल्यासारखा वाटलाही. जुन्या बल्बची काच आतून काळवंडलेली होती, तिच्यापुढे कुठलाही नवा बल्ब उजळच दिसला असता.

तीनेक आठवड्यांनी रात्री एका कच्च्या उतारावरून खाली येत होतो. सैल खडी, दुसरा गिअर, फूटपेगवर उभा. डावं वळण आलं, हँडल वळवलं आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला. मंद नाही, नाहीसाच. ब्रेक दाबायचा धीर झाला नाही, पुढचं चाक सुटलं असतं. अंदाजाने हँडल सरळ केलं तर उजेड परत आला, आणि मी वळणाच्या बाहेरच्या कडेला दीड हातावर होतो. पुढच्या उजव्या वळणाला काही नाही. त्यापुढच्या डाव्याला पुन्हा अंधार. मग कळलं की हेडलाइट डावीकडे वळायलाच नको म्हणतोय. उरलेली सगळी डावी वळणं क्लच दाबून, दोन्ही पाय जमिनीवर घासत घेतली.

सपाटीला आल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास जाणवला. टॉर्च तोंडात धरून बल्बचा होल्डर काढायला गेलो तर निघेना. डिप्परच्या पत्तीभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन लोंबलं होतं आणि पत्ती तिरकी होऊन त्यात रुतली होती. होल्डर बल्बसकट उपटावा लागला.

पण होल्डर वितळला म्हणून डाव्या वळणाला लाइट का जाईल? ते दुसऱ्या दिवशी दिसलं. हेडस्टॉकजवळ (चासीच्या पुढच्या टोकाला हँडल ज्यात फिरतं तो भाग), जिथे सगळी वायरिंग चासीवरून हँडलकडे वळते, तिथली टेप सोलली. वरून वायर धडधाकट. बोटांनी चाचपत गेलो तर एका जागी ती दोऱ्यासारखी मऊ लागली. आवरण चिरलं. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडून तुटलेल्या, जेमतेम चार-पाच शाबूत. हँडल डावीकडे पूर्ण वळलं की त्याही सुटायच्या. ड्युअल-स्पोर्टमध्ये हे दुखणं ठरलेलं आहे. हँडल जास्त वळतं, बाइक पडते, चिखल-पाणी आत जातं, आणि कोणीतरी झिप टाय नेमका त्या वाकण्याच्या जागी आवळून ठेवलेला असतो.

म्हणून आधी मीटर आणा. इंजिन चालू, डिप्पर चालू, बल्ब होल्डरमध्येच. मीटर डीसीवर. एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी होल्डरच्या मागून डिप्परच्या पत्तीला. आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेत गळाले. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी होल्डरच्या अर्थला (परतीच्या वायरला). नवी वायर सांधून आणि नवा ५५चा डिप्पर बसवून मोजलं तेव्हा माझ्याकडे पहिला आकडा १.४ आला आणि दुसरा ०.६. बॅटरीवर १३.६, म्हणजे बल्बला ११.६. दादा म्हणाला, "दोन व्होल्टांनी काय होतंय?" हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. ११.६ भागिले १३.६, त्याचा ३.४ घात: ०.५८. शंभरातला बेचाळीस टक्के उजेड वायरीत गेला. आणि याच वायरीवर नव्वद वॅट लादले की करंट साडेचार अँपियरवरून साडेसातकडे जातो. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. होल्डर वितळला तो असा. दादाचं म्हणणं, होल्डर हलक्या प्रतीचा होता.

मी रिले बसवले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीच्या प्लसवरून २ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपियरचा फ्यूज, तिथून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून बल्बला. जुन्या होल्डरला येणाऱ्या अप्पर आणि डिप्परच्या वायरी आता फक्त ८६ ला, ८५ अर्थला. हँडलच्या स्विचमधून साडेचार अँपियर जायचे ते आता रिलेच्या कॉइलपुरते, दीडेकशे मिलिअँपियर. रिले बसवताना पाय खाली करा, नाहीतर पाणी साचतं. अर्थसाठी हेडलाइटच्या ब्रॅकेटवर विसंबू नका. तो करंट हेडस्टॉकच्या बेअरिंगमधून, ग्रीस ओलांडून चासीला जातो. सरळ वायर ओढून बॅटरीच्या मायनसला आणा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर कुठे ताणली जाता कामा नये, आणि वाकते तिथे टाय नको.

परत मोजलं तर सगळी मिळून ०.३ व्होल्ट गळती. बल्ब तोच, ६०/५५चा, आणि उजेड आधीच्या दीडपटीच्या वर.

आता सोल्डर. दादाचा सिद्धांत असा की सोल्डरशिवायचा जोड हा जोडच नव्हे. पहिल्या खेपेला मी त्याचं ऐकून सगळे जोड सोल्डर केले, दिसायलाही सुरेख दिसत होते. सोल्डर वितळताना तारांमध्ये शोषलं जातं, तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपून वायर सुरू होते तिथे बाइकची थरथर येऊन बसते. काही महिन्यांत दोन जोड नेमके त्याच कडेवर तुटले. तेव्हापासून चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने थिंबल (वायरीवर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) दाबतो, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी. दादा म्हणतो, "तुझं सोल्डरिंगच कच्चं होतं." थोडं कच्चं असेलही. पण तुटलं ते सोल्डर नाही, वायर तुटली.

एलईडी बल्बबद्दल तुम्ही विचारलंत. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. एच-४ मध्ये डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडू देते, म्हणून डिप्परची वरची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. एलईडीची चिप त्या तारेच्या जागेवरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली की कड विस्कटते. तुम्हाला चाकापुढची जमीन पांढरीफटक दिसते, लांबचं काही दिसत नाही, आणि समोरचा आंधळा होतो. वर मागच्या चिमुकल्या पंख्यात धूळ जाते. त्यात एलईडीचा ड्रायव्हर कमी व्होल्टमध्येही काम चालवून घेतो, त्यामुळे कुजलेली वायर पूर्ण तुटेपर्यंत पत्ताच लागत नाही.

स्वतःच्या लेन्ससकट येणारं पूर्ण एलईडी युनिट ही गोष्ट वेगळी. ते चांगलं असतं, आणि छोट्या स्टेटरवरचा (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलींवरचा) भारही कमी होतो. मला ते आवडतं. तरी वायरिंग आधी.

आणखी एक. नवा उजेड आला की तो नीट लावा, आणि लावताना बाइकवर बसा, सामान नेणार असाल तर तेही चढवून. या बाइकचं सस्पेन्शन लांब असतं. वजनाने मागचा भाग नुसता ५ सेंटिमीटर बसला तरी १४० सेंटिमीटरच्या व्हीलबेसला दर मीटरमागे साडेतीन सेंटिमीटर चढ येतो. २५ मीटरवर तुमचा डिप्पर जवळजवळ ९० सेंटिमीटर वर. रिकामी बाइक स्टँडवर लावून सेट केलेला डिप्पर हा डिप्पर नसतो.

हे आधी सांगायला हवं होतं: होल्डरमधून निघालेला बल्ब एच-४च आहे ना ते बघा. एचएस-१ दिसायला सारखाच, पण ३५/३५ वॅटचा. त्याच्या जागी कानस मारून ६०/५५ बसवला तर रिफ्लेक्टर आणि स्टेटर दोघांवर अन्याय. काही बाइकमध्ये स्विच प्लसमध्ये नसून अर्थच्या बाजूला असतो, तिथे माझी रिलेची जोडणी जशीच्या तशी चालणार नाही. आणि तुमचा उजेड आयडलला मिणमिणत असेल आणि रेस दिली की चढत असेल, तर मीटर एसीवर ठेवूनही एकदा मोजा. जुन्या आणि हलक्या बऱ्याच ड्युअल-स्पोर्टमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतोच, थेट स्टेटरच्या एसीवर चालतो. तसं असेल तर वरचं निम्मं विसरा. आधी स्टेटरचं अर्थ मोकळं करून फुल-वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) लावावा लागतो, रिले वगैरे मग.

हे मला कसं कळलं तेही सांगतो. वाद एकदाचा मिटावा म्हणून मी दादाच्या जुन्या बाइकला हौसेने रिले बसवून दिले. त्याचा हेडलाइट एसीवर निघाला. किक मारली आणि रिले डब्यात भुंगा कोंडल्यासारखा घूंऽऽ करायला लागला, आणि चार दिवसांत बॅटरी बसली, कारण तिला भरणारी कॉइल हेडलाइटचा भार पेलण्याएवढी नव्हतीच. दादा आजही पंगतीत माझ्यासमोर बसला की तोंडाने तो आवाज काढून दाखवतो.