डिकन्सची जाडी बघून बिचकू नकोस

कोणी कितीही सांगो, इंग्रजी साहित्य वाचायची सुरुवात शेक्सपिअरपासून करू नकोस. आधी डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी घे. ती १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, त्यामुळे प्रकरणं आटोपशीर आणि बरीचशी ऐन मोक्याला तोडलेली. रोज दोन वाचलीस तरी पुष्कळ. पहिल्याच प्रकरणात दलदलीजवळच्या कब्रस्तानात पळून आलेला कैदी पोराला धरतो आणि बेडी कापायला कानस मागतो. तिथेच अडकशील! दर ओळीला शब्दकोश उघडू नकोस, संदर्भाने अर्थ लागतो.

मग थेट कादंबरीकार इशिगुरोची १९८९ ची 'द रिमेन्स ऑफ द डे'. भाषा सोपी, पण त्यातला बटलर काय बोलायचं टाळतो तिकडे लक्ष ठेव. व्हर्जिनिया वुल्फ? जरा दमाने. तिची 'मिसेस डॅलोवे' घाईत वाचलीस तर उगाच तिला नावं ठेवशील.