ऑफिस एक लोअर परळला, एक ऐरोलीला आणि गाव चिपळूणजवळ: मुंबईत भाड्याचं घर कुठे बघावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान लोअर परळला रुजू होणार, तुमची बदली ऐरोलीला. मुलगी तीन वर्षांची. सासूबाई चिपळूणजवळ गावी एकट्या, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी घरी जायचंच. भाडं जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मी आता हर्णैला असते, पण त्याआधी बावीस वर्षं मुंबईत काढली आणि चार घरं बदलली. तुमच्या जागी मी असते तर ठाणे पूर्वेला, म्हणजे कोपरीत, घर शोधलं असतं. तिथे नाहीच जमलं तर ऐरोलीत.

सगळे तुम्हाला नकाशावर दोन्ही ऑफिसांच्या मधलं ठिकाण शोधायला सांगतील. मुंबईत अंतराला फारसा अर्थ नसतो. कुठल्या स्टेशनातून लोकल सुटते, ती कुठे थांबते आणि किती वेळा गाडी बदलावी लागते, यावर दिवस ठरतो. ठाण्याहून सीएसएमटीकडे धीम्या लोकल सुटतात. सकाळी तिथून चढणाऱ्याला बसायला जागा मिळू शकते, आणि ही लोकल करी रोडला थांबते. करी रोडहून लोअर परळचं ऑफिस चालत दहा-पंधरा मिनिटांवर असतं. फास्ट गाडीच्या मोहात पडू नका. ती करी रोडला थांबत नाही, मग दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरायची आणि त्या पुलावरच्या गर्दीतून रोज जायचं. धीम्या गाडीत पाऊणएक तास जाईल, पण बसून जाईल.

तुमच्यासाठी ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल. ठाणे, दिघा गाव, ऐरोली: दुसरंच स्टेशन. या मार्गाचे प्लॅटफॉर्म पूर्वेच्या बाजूला आहेत, म्हणजे कोपरीतून येणाऱ्याला सगळं स्टेशन ओलांडावं लागत नाही. हे छोटं वाटेल, पण कडेवर मूल आणि हातात छत्री असताना एक जिना वाचणं फार मोठी गोष्ट असते.

आणि गाव. मांडवी, कोकणकन्या, तुतारी, कोकणात जाणाऱ्या या तिन्ही गाड्या ठाण्याला थांबतात. कोपरीत राहायचो तेव्हा आम्ही शुक्रवारी रात्री जेवून, भांडी घासून, कोकणकन्या धरायला चालत निघायचो. पहाटे चिपळूण. सासरे आजारी होते त्या वर्षी हे किती वेळा केलं त्याची मोजदाद नाही. वसई-विरारकडे घर स्वस्त मिळेल असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. या तिन्ही गाड्यांसाठी तिथून आधी दादर गाठायचं, मग गाडी धरायची. सासूबाईंचा रात्री फोन आला तर हा वेळ तुमच्याकडे नसेल.

तरीही ऐरोली यादीत का ठेवली, ते सांगते. मुलीला पाळणाघरातून आणणार कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हीच आणणार असाल आणि संध्याकाळी निघायची वेळ नक्की नसेल, तर ऐरोली पहिली आणि कोपरी दुसरी. ऑफिस, पाळणाघर आणि घर एका सेक्टरच्या अंतरात असलं की लोकल बंद पडली तरी मूल ताटकळत नाही. नवी मुंबईला बहुतेक पाणी मोरबे धरणाचं, महापालिकेचं स्वतःचं, तोही एक दिलासा. यजमानांना मात्र रोज ठाण्याला एक गाडी बदलावी लागेल. त्यांच्याशी हे आत्ताच बोला, घर घेतल्यावर नको.

लालबाग-परळचंही तुम्ही विचारलंय. माझं पहिलं घर तिथेच होतं, काकांच्या चाळीतली खोली. आपली माणसं गिरणीत कामाला आली ती तिथेच राहिली; एकेका गावाच्या मंडळाची खोली असायची, पाळीपाळीने पथाऱ्या पडायच्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. आजही गणपतीत तिथे गेले की डोळे भरून येतात. यजमान ऑफिसला चालत जातील आणि तुम्ही सकाळी ठाण्याकडे जाल, म्हणजे गर्दीच्या उलट, हेही खरं. पण ३०,००० मध्ये तिथे तीन वर्षांच्या मुलीसह राहण्याजोगं घर मिळणं मला कठीण दिसतं.

डोंबिवलीत मी सहा वर्षं होते. शेजार असा की आजारपणात डबा न सांगता यायचा. तिथलं सगळं मला आवडायचं, सकाळची लोकल सोडून. तुम्हा दोघांनाही तिथून रोज ठाण्यापर्यंतच्या गर्दीतून यावं लागेल, म्हणून नको म्हणते. घोडबंदर रोडच्या नव्या इमारती, बाल्कन्या बघून मन जाईल. कासारवडवली ठाणे स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर आहे आणि त्या रस्त्यावर अवजड वाहनं असतात. तिथे राहायचं तर आधी संध्याकाळी सात वाजता स्टेशनवरून रिक्षाने तिथपर्यंत जाऊन बघा.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आमचं दुसरं घर कुर्ला पश्चिमेला होतं, तळमजल्यावर, मिठी नदीपासून थोड्याच अंतरावर. आम्ही ते फेब्रुवारीत पाहिलं. कोरडं, हवेशीर, भाडं कमी. भाडं कमी का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी तीनला उंबऱ्याशी पाणी, संध्याकाळी गॅसच्या ओट्याला. मुलाला घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे रात्र काढली. हे फोर्टहून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. आपण कोकणातली माणसं, पावसाला घाबरत नाही, पण मुंबईतल्या पाण्याची गोष्ट वेगळी. मुंबईत भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी थांबतं, आणि ते वर्षानुवर्षं ठराविक जागी थांबत आलंय: हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर बघा.

म्हणून इमारत कुठलीही असो, तळमजला घेऊ नका. गेटजवळच्या भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते बघा, मीटरची पेटी किती उंच बसवली आहे ते बघा. दलालाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा की पावसात तुम्ही खालचा माल कुठे उचलून ठेवता. तो खरं सांगतो, कारण त्याचं नुकसान झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी कोणी आधी सांगत नाही. काही सोसायट्यांमध्ये मासे खाणाऱ्यांना घर देत नाहीत. आम्हाला एकदा टोकन दिल्यावर घरमालकांनी विचारलं, "घरात मासे शिजवणार का?" हो म्हटल्यावर व्यवहार मोडला. पैसे परत मिळाले, पण आपल्या रोजच्या जेवणाबद्दल असं उभं करून विचारलं जातं याचा राग मला अजून येतो. तुम्ही हे पहिल्याच फोनवर विचारून टाका आणि उत्तर देताना अजिबात संकोचू नका. कोपरीला लागूनच चेंदणी कोळीवाडा आहे, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना. सासूबाई राहायला आल्या तर मासळीसाठी त्यांना कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही.

भाडेकराराचं थोडक्यात: तो लेखी आणि नोंदणी केलेलाच असला पाहिजे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं बंधन आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "नोंदणी नंतर करू" म्हणणाऱ्याला डिपॉझिट देऊ नका. कोपरीत बजेट बसवायचं तर जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत बघा, दुसरा मजला उत्तम.

तुम्हाला ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय, तर जुलैत एकदा दोघांनी या. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून रात्रीची कोकणकन्या धरा, पहाटे ठाण्याला उतरा. यजमानांनी सकाळच्या गर्दीत करी रोडपर्यंत जाऊन यावं, तुम्ही ऐरोलीला. दुपारी घरं बघा. त्या दिवशी पाऊस जोरात असला तर जास्त चांगलं. घरांचे पत्ते हाती आले की कुठल्या गल्लीत आहेत तेवढं इथे लिहा, कोपरीत मी नऊ वर्षं राहिले आहे, मला माहीत असेल ते सांगेन.